तीन नंबर लाइनवरची आत्या

ज्ञानदाची बदली साताऱ्याहून पलूसच्या प्लांटला झाली, तेव्हा तिच्या आईनं, अनसूयाबाईंनी, बॅग भरता भरता पुन्हा एकदा विचारलं की तुझं काम नक्की काय असतं. ज्ञानदानं पुन्हा एकदा सांगितलं. कंपनी आणि कामगार यांच्यात बेबनाव होऊ नये म्हणून बघायचं, आणि झालाच तर तो चिघळण्याआधी मिटवायचा. या हुद्द्याला एम्प्लॉयी रिलेशन्स स्पेशालिस्ट म्हणतात.

"म्हणजे भांडणं मिटवायची," अनसूयाबाई म्हणाल्या. "त्याला कोल्हापूरला जाऊन शिकायला काय लागतं? आधी आपल्या सोसायटीतलं पार्किंगचं मिटव. नाहीतर बँकेची परीक्षा दे."

ज्ञानदानं बॅगेची चेन ओढली. सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणात अण्णा, म्हणजे तिचे वडीलच, एक पक्षकार होते आणि ते कुणाचंही ऐकत नव्हते.

पलूसच्या प्लांटमध्ये ट्रॅक्टरच्या आतल्या वायरी तयार होत. लांबच लांब लाकडी बोर्ड, त्यावर खुंट्या, खुंट्यांवरून रंगीबेरंगी वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, क्लिपा लावायच्या, की वायरींचा एक गठ्ठा तयार. काम जवळजवळ सगळं बायकांचं. पलूस आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका कंपनीच्या गाडीनं यायच्या. घरी ऊस, जनावरं, कुणाचा नवरा नाहीतर मुलगा मिलिटरीत. ज्ञानदाच्या हुद्द्यातला 'रिलेशन' हा शब्द तेवढा त्यांनी उचलला आणि त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दोघीजणी दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या दिराचं लग्न जमत नव्हतं. मॅडम सोयरीक जुळवतात असं कळलं, म्हणून त्या आल्या होत्या. ज्ञानदानं त्यांना समजावून सांगितलं. त्या मान डोलावत गेल्या आणि जाताना मुलाचा फोटो टेबलावर ठेवून गेल्या.

तिथपर्यंत तिला हसू येत होतं. मग शालूबाई आली.

शालूबाई तीन नंबर लाइनवरची सगळ्यात जुनी बाई. प्लांट सुरू झाला तेव्हापासून ती त्याच लाइनवर होती. पन्नाशीची, उंच, आवाज असा की मशीन चालू असतानाही हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचावा. ती आत आली, खुर्ची दाखवली तरी बसली नाही, आणि म्हणाली की सुपरवायझरनं चारचौघींत तिचा अपमान केला.

काय केलं, असं ज्ञानदानं विचारलं. तिच्या मनात आलं, शिवी दिली असेल, हात झटकला असेल.

"नावानं हाक मारली."

ज्ञानदाला वाटलं आपलं ऐकण्यात काही चुकलं. इथं सगळ्यांनाच नावानं हाक मारतात, ती म्हणाली.

"बाकीच्यांनी मारावी. तिनं न्हाई मारायची. माझी सून हाय ती."

तीन नंबर लाइनची सुपरवायझर सृष्टी ही शालूबाईची सून आहे, ही गोष्ट ज्ञानदाला त्या दिवशी कळली. प्लांटमध्ये बाकी सगळ्यांना ती माहीत होती. सृष्टी लग्न होऊन आल्यावर कंपनीत लागली, दुसऱ्या लाइनवर काम शिकली, हुशार निघाली, आणि ज्ञानदा पलूसला यायच्या थोडंच आधी तिला सुपरवायझर केलं गेलं. नेमणूक झाली ती नेमकी सासूच्या लाइनवर. ती कुणी केली, का केली, याचं उत्तर साताऱ्याला बसणाऱ्या सुमंत सरांकडे होतं. सुमंत सर दोन्ही प्लांटचे मुख्य. त्यांनी फोनवर सांगितलं की जागा तीच रिकामी होती आणि कंपनी नाती बघून काम देत नसते.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदानं सृष्टीला बोलावलं. पंचविशीची, नीटनेटकी, बोलताना हातातलं पेन उघड-मीट करणारी मुलगी. तिनं सांगितलं ते असं. पहिल्या आठवड्यात ती घरात सासूला म्हणते तसं 'आत्या' म्हणूनच हाक मारायची. लगेच शेजारच्या बोर्डावरची सोनम बोलू लागली की आत्याला सोपं काम आणि आम्हाला अवघड. सोनमनं ते कामगारांच्या कमिटीच्या हरिबाला सांगितलं, हरिबानं मीटिंगमध्ये काढलं, तिथून सुमंत सरांपर्यंत गेलं. सुमंत सरांचा फोन आला की कामाच्या जागी नातं नको, सगळ्यांना सारखी हाक मार. म्हणून तिनं सगळ्यांसारखंच 'शालूबाई' म्हटलं.

"मी तरी काय करू, मॅडम? आत्या म्हटलं तर लाइन बोलते. शालूबाई म्हटलं तर आत्या घरी ताटावर बसत नाहीत. भाकरी घेऊन जाऊन गोठ्यात खातात."

ज्ञानदा शिकली होती ती नियमांची पुस्तकं. कामाचे तास, रजा, शिस्त, तक्रार निवारण, सगळं त्यांत होतं. सुनेनं सासूला कामावर काय म्हणावं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं आपल्या बुद्धीनं तोडगा काढला की सगळ्यांनाच नावापुढं 'ताई' लावावं, म्हणजे मानही राहील आणि समानताही. सृष्टीनं दुसऱ्या दिवशी सकाळी 'शालूताई' अशी हाक मारली आणि अख्खी लाइन हसली. सासूला ताई. दुपारपर्यंत ते सगळ्या हॉलभर झालं. शालूबाई थेट ज्ञानदाच्या खोलीत आली आणि हे डोकं कुणाचं असं विचारून गेली.

मग बोर्डाच्या नंबरानं बोलवायचं ठरलं. ते दोन तास टिकलं. शालूबाईचं म्हणणं, मी काय जनावर हाय का, नंबर मारून ओळखाया.

शेवटी सृष्टीनं हाक मारणंच सोडलं. काही सांगायचं झालं तर ती सोनमला सांगायची आणि सोनम शालूबाईला. शालूबाईला उलट काही म्हणायचं असेल तर तेही सोनममार्फतच. आता सोनम तक्रार घेऊन आली की माझं काम टेप लावायचं हाय, पोस्टमनचं न्हाई.

हरिबा अधूनमधून डोकावून जायचा. कमिटीत बोलणारा माणूस म्हणून त्याचा दरारा होता, आणि वाद मिटला तर आपल्याला काम उरणार नाही याची त्याला जाण होती. "म्याडम, परकरन लय नाजूक हाय," असं तो म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. तो जिथं जिथं जाऊन आला तिथं तिथं वाद थोडा वाढलेला असायचा.

ज्ञानदानं बदलीचा मार्ग काढला. शालूबाईला विचारलं की पाच नंबर लाइनला जाता का. ती म्हणाली, तीन नंबर माझी लाइन हाय, मी कशापायी जाऊ? सृष्टीला विचारलं. ती म्हणाली, मी गेले तर म्हणतील सासूपुढं टिकली नाही, उद्या कुठलीच लाइन माझं ऐकणार नाही. दोघींचं बोलणं रास्त होतं. हाच त्रास होता. या नोकरीत जिचं ऐकावं तिचं खरं वाटायचं, आणि दोन्ही खरं मिळून काहीच हाताला लागायचं नाही.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शालूबाईचा मुलगा, सृष्टीचा नवरा शिवतेज, सीमेवरच्या कुठल्यातरी चौकीवरून बोलत होता. आवाज मध्येच तुटत होता. त्यानं फार अदबीनं सांगितलं की इथं रेंज कधीतरी येते. मिळतो तेवढा वेळ आधी आई बोलते आणि मग बायको बोलते, आणि दोघी एकच गोष्ट उलट्या बाजूनं सांगतात. कंपनीनं काही ऑर्डर काढता येते का, असं त्यानं विचारलं. फौजेत असं काही झालं तर ऑर्डर निघते आणि विषय संपतो. ज्ञानदा म्हणाली, कंपनीला अशी ऑर्डर काढता येत नाही. तो म्हणाला, "मंग अवघड हाय, मॅडम." आणि लाइन तुटली.

त्यानंतर असं काही घडलं, ज्यामुळं प्रकरण हसण्यावारी नेता येईना.

शालूबाईच्या हातून एका गठ्ठ्यात हिरव्या वायरीच्या जागी पिवळ्या पट्ट्याची हिरवी गेली. चूक कुणाच्याही हातून व्हावी अशी. पण ती एकदा झाल्यावर पुढच्या गठ्ठ्यांतही होत राहिली, कारण वायरींची पेटीच चुकीची लागली होती. सृष्टीनं ते लांबून पाहिलं. ती बोर्डापाशी आली, थांबली. सोनम त्या दिवशी रजेवर होती. हाक काय मारावी हे तिला सुचेना. तिनं टेप संपली का अशा काहीतरी बहाण्यानं घुटमळून बघितलं, शालूबाईनं मान वर केली नाही, आणि सृष्टी परत गेली. दुपारनंतर तपासणीत तो सगळा माल परत आला. टेप सोडवून एकेक गठ्ठा पुन्हा बांधावा लागला. गिऱ्हाईकाची गाडी दारात उभी होती, ती रिकामी गेली.

सृष्टीनं हे ज्ञानदाला खरं खरं सांगितलं. "माझ्या तोंडात शब्दच आला नाही, मॅडम," ती म्हणाली आणि रडली. ज्ञानदाला तिची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. एका संबोधनापायी ट्रक रिकामा जातो, हे साताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं.

साताऱ्यानं ऐकूनच घेतलं नाही. सुमंत सरांनी शालूबाईला नोटीस द्यायला सांगितलं. नोटिशीवर सुपरवायझरची सही लागते, म्हणजे सृष्टीची. हे कळताच हरिबानं सकाळी गेटवर आवाज दिला की सून सासूला नोटीस देतीय, असली कंपनी आमी बघितली न्हाई. तीन नंबर लाइन काम थांबवून खाली बसली. त्यांना बघून पाच नंबरही बसली. पाच नंबरला विचारलं का बसलात, तर म्हणाल्या, त्या बसल्यात म्हणून. आणि ज्या बाईवरून हे चाललं होतं ती शालूबाई त्या दिवशी आलीच नव्हती. घरी होती.

सुमंत सरांचा फोन आला. ते म्हणाले, "तू कंपनीची माणूस आहेस की त्यांची, ते एकदा ठरव." फोन ठेवला तर दारात हरिबा. तो म्हणाला, "म्याडम, तुमी आमच्या हाय का कंपनीच्या, ते एकदा सांगा." ज्ञानदानं गाडीची किल्ली घेतली आणि ती शालूबाईच्या गावाकडे निघाली. कामगाराच्या घरी जायचं नाही, हा तिच्या कामातला अलिखित नियम होता. आज तिला नियमांचाही कंटाळा आला होता.

उसाच्या दोन फडांमधून रस्ता आत जात होता. घरापुढच्या अंगणात शालूबाई पोतं अंथरून शेंगा फोडत बसली होती. ज्ञानदाला बघून तिनं पदर सारखा केला, बसायला पाट दिला, आत जाऊन चहा टाकला. चहा येईपर्यंत ज्ञानदानं वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं मनात एकदा म्हणून पाहिलं. परस्पर सन्मान, संवाद, दोन्ही बाजू. चहाचा पहिला घोट घेतल्यावर तिला त्यातलं काहीच म्हणावंसं वाटेना.

ती म्हणाली, "मावशी, मी दमले. मला आता खरंच कळत नाही. ताई म्हटलं चालत नाही, नंबर चालत नाही, बदली चालत नाही. तुम्हाला नक्की काय पाहिजे ते सांगा. नसेल सांगायचं तर तसं सांगा, मी परत जाते."

शालूबाई शेंगा फोडत राहिली. टरफलं बाजूला सारून तिनं विचारलं की सुमंत सायबानं तुमास्नी काय बी सांगितलं न्हाई व्हय. कशाबद्दल, असं ज्ञानदानं विचारलं.

मग शालूबाईनं सांगितलं. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा सुमंत सर पलूसला आले होते. हॉलमधून फिरताना ते तिच्या बोर्डापाशी थांबले आणि म्हणाले, शालूबाई, तुम्ही अर्ज करा, ही लाइन तुमच्या हाताखालीच शिकलीय. तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण साहेब म्हणाला म्हणून तिनं गावातल्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला, घरात कुणाला सांगितलं नाही. झालं तर सांगू, म्हणून. मुलाखतीला नवं लुगडं कामाच्या एप्रनखाली नेसून गेली. तिथंही सुमंत सर होते, हसून बोलले. मग ती वाट बघत राहिली. नाही म्हणून कुणी सांगितलं नाही, हो म्हणूनही नाही.

"एक दिस चहाच्या सुट्टीत लाइनवर पेढं आलं. मी हात पुढं केला, पेढा तोंडात टाकला, आन् इचारलं कशाचं हायती. तर सोनम म्हनाली, आत्ताच कळलं, तुमची सून सुपरवायझर झाली की आपल्या लाइनची. पेढा तोंडात व्हता, म्याडम. थुकता बी येईना, गिळता बी येईना."

ज्ञानदाच्या हातातला चहा गार झाला होता. तिनं विचारलं, हे तुम्ही आजवर कुणालाच का बोलला नाहीत?

शालूबाई म्हणाली, कुनाला बोलू. घरात बोलले तर सासू जळती म्हनतील. सोनमला बोलले तर गाव हसंल. लेकाला फोनवर बोलले तर त्यो तिथं घोर लावून घेईल. सून पोरगी चांगली हाय, तिचा काय दोष. पन रोज सकाळी ती फुडं हुबी ऱ्हायली की ते पेढ्याचं आठवतंय. मग तिनं 'शालूबाई' म्हणून हाक मारली, आणि धरायला काहीतरी मिळालं. "नावाचं सांगितलं की समद्यास्नी कळतंय. ह्ये कुनाला कळायचं?"

परत येताना ज्ञानदानं गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तिथूनच सुमंत सरांना फोन केला. त्यांना ते सगळं आठवत होतं. दहावी पास असल्याशिवाय सुपरवायझर करायचं नाही, ही अट पुण्याच्या मुख्य कार्यालयातून मुलाखतीनंतर आली. शालूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यात माझा काय इलाज होता, असं ते म्हणाले.

"इलाज नव्हता, पण सांगायला हवं होतं," ज्ञानदा म्हणाली.

"अगं, निवड झाली नाही म्हणजे नाही झाली. सगळ्यांना कळवत कुठं बसायचं?"

ती म्हणाली की तुम्ही इथं या आणि शालूबाईंना स्वतः सांगा. सर म्हणाले, तूच सांग, तुझं कामच आहे ते. ती म्हणाली, मी त्यांना अर्ज करायला सांगितलं नव्हतं. त्यावर सरांनी ऑडिटचं कारण सांगितलं, मग गिऱ्हाईक येणार असल्याचं, मग गाडी सर्व्हिसिंगला असल्याचं. ज्ञानदा म्हणाली, तुम्ही येईपर्यंत ती नोटीस माझ्या खोलीतून बाहेर जाणार नाही, आणि लाइन का बसलीय असं पुण्यानं विचारलं तर मी हेच उत्तर देणार. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, याची जुळणी तोवर तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात सुरू झाली होती.

सुमंत सर आले. माणूस वाईट नव्हता. फक्त अवघड बोलायची वेळ आली की तो साताऱ्याला असायचा. ज्ञानदाच्या खोलीत शालूबाई आणि ते समोरासमोर बसले. शालूबाई ज्ञानदाच्या निरोपावरून आली होती, आणि या वेळी खुर्चीवर बसली. सरांनी सुरुवात केली ती पॉलिसी, क्रायटेरिया, स्ट्रक्चर अशा शब्दांनी. शालूबाई शांतपणे ऐकत होती. ज्ञानदाला राहवलं नाही. ती म्हणाली, "सर, हे तुम्ही मलासुद्धा नीट सांगू शकला नव्हतात. सोपं सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शालूबाई, अर्ज करा असं मीच म्हणालो होतो. दहावीची अट नंतर आली. ती कळल्यावर मी येऊन तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून आलो नाही."

शालूबाई म्हणाली, "ह्येच सुनंम्होरं सांगा."

सरांनी ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदानं दार उघडून सृष्टीला बोलावलं. सरांना ते सगळं पुन्हा एकदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा खाली गेला.

आपल्या सासूनं त्याच जागेसाठी अर्ज केला होता, हे सृष्टी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. हातातलं पेन खाली पडलं तरी तिला कळलं नाही. सर आहेत, मॅडम आहेत, हे विसरून ती घरच्या बोलीत बोलली.

"आत्या, आवं मला घरात का बोलला न्हाईसा? मी घेतलीच नसती ती जागा."

"म्हनून न्हाई बोलले," शालूबाई म्हणाली.

सुमंत सर घड्याळ बघून उठले.

लाइन उठली. नोटीस रद्द झाली. हरिबानं गेटवर भाषण करून हा कामगारांच्या एकजुटीचा विजय असल्याचं जाहीर केलं, आणि मग ज्ञानदाच्या खोलीत येऊन नक्की काय मिटलं ते विचारून गेला. तिनं सांगितलं नाही. सासू-सुना एकदम गोडीत आल्या असंही काही झालं नाही. शालूबाई कामावर पूर्वीइतकीच फटकळ होती. पण चूक दिसली की सृष्टी आता सरळ बोर्डापाशी जाऊन "आवं, ती पेटी बघा" असं म्हणायची. वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना तिकडं कुणीही म्हणतं तसं साधं 'आवं'. त्यात आत्याही नव्हती आणि शालूबाईही नव्हती. ज्ञानदानं डोकं खाजवून जेवढे तोडगे काढले होते त्यांत हा नव्हता. तिला याचा थोडा रागच आला.

सुमंत सरांनी जाताना एक गोष्ट कबूल केली होती. नव्या मुलींना काम शिकवायला ट्रेनर म्हणून शालूबाईला घ्यायचं. शालूबाईनं तेव्हाच विचारलं होतं की त्याला धावी लागती का. सर म्हणाले, पुण्याला विचारतो. पुण्यानं कळवलं की प्रस्ताव पाठवा. प्रस्ताव गेला. मग कळवलं की नमुना चुकीचा आहे. नव्या नमुन्यात गेला. मग ज्या साहेबांकडे तो होता ते रजेवर गेले. मधल्या काळात पुण्याहून एक नवीच सूचना आली की यापुढं एका लाइनवर नात्यातल्या दोन व्यक्ती ठेवू नयेत. ज्ञानदानं ती वाचली आणि हॉलमध्ये जाऊन एक चक्कर मारली. जावा, नणंदा, मावस बहिणी, मायलेकी. अर्ध्या प्लांटची सोयरीक उरलेल्या अर्ध्या प्लांटशी होती. तिनं सुमंत सरांना फोन करून सांगितलं की हे पाळायचं तर एका लाइनला एकच बाई उरेल. सर फोनवर इतकं हसले की तिला आश्चर्य वाटलं. ती सूचना मी माझ्या खणातच ठेवतो, असं ते म्हणाले. त्यांच्याशी बोलून बरं वाटण्याची ही तिची पहिलीच वेळ.

दिवाळी झाल्यावर ट्रेनरची मंजुरी आली. दहावीची अट या जागेला लागू नाही, असं त्यात स्पष्ट होतं. ज्ञानदा कागद घेऊन स्वतः तीन नंबर लाइनवर गेली. तिला वाटलं होतं, बाईला आनंद होईल. शालूबाईनं हातातली टेप पूर्ण गुंडाळली, कात्रीनं कापली आणि म्हणाली, "इचार करून सांगते."

ज्ञानदाला कळेना. एवढे दिवस ज्याच्यासाठी पुण्याला फोन करून करून घसा बसला, त्याचा आता विचार? ती म्हणाली, मावशी, यात विचार काय करायचा. शालूबाई म्हणाली, "मी लय वाट बघितली, म्याडम. जरा त्यास्नी बी बघू द्या."

त्या आठवड्यात सुमंत सरांचा रोज फोन यायचा. पुण्याला होकार कळवायचा होता. काय झालं, हो म्हणाल्या का, त्यांना काही अडचण आहे का, आपण अजून काही द्यावं का. एरवी अशा फोननं ज्ञानदाचं डोकं उठायचं. या वेळी ती रोज एकच वाक्य शांतपणे म्हणायची, "त्या विचार करतायत, सर," आणि फोन ठेवायची. सृष्टीला विचारलं तर ती म्हणाली, घरात कालच हो म्हणाल्यात, पण तुम्हाला मी सांगितलं असं सांगू नका.

सोमवारी शालूबाई आली आणि मी शिकवीन म्हणाली. अट एकच. शिकवायचं टेबल खिडकीपाशी पाहिजे आणि वर पंखा पाहिजे, पोरी घामानं हैराण होतात. टेबल मिळालं. पंख्याचं विचारायला ज्ञानदा स्टोअरमध्ये गेली, तर तिथला माणूस म्हणाला की नवीन पंख्याला साताऱ्याची मंजुरी लागते, आणि साताऱ्याला पुण्याची.

ज्ञानदा आपल्या खोलीत आली. कोपऱ्यात तिचा उभा पंखा चालू होता. तिनं तो बंद केला, वायर गुंडाळली, आणि दोन्ही हातांनी उचलून हॉलच्या खिडकीकडे निघाली.